गुलामगिरी संपल्यानंतरचा लढा: अमेरिकेतील पुनर्रचनेचा काळ, १८६५ ते १८७७

'पुनर्रचनेचा काळ' नेमके कशाला म्हणतात?

अमेरिकेतील दक्षिणेकडची ११ राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघाली आणि १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे चाललेल्या यादवी युद्धात पराभूत झाली. युद्ध थांबताच दोन प्रश्न उभे राहिले. बंडखोर राज्यांना कोणत्या अटींवर परत घ्यायचे, हा एक. आणि कालपर्यंत ज्यांची खरेदी-विक्री होत होती त्या सुमारे ४० लाख माणसांचे या देशातले स्थान काय, हा दुसरा. १८६५ ते १८७७ या १२ वर्षांत या दोन प्रश्नांवरून जे राजकारण झाले, जे कायदे झाले आणि जे रक्त सांडले, त्या सगळ्याला मिळून 'पुनर्रचना' म्हणतात. शब्द राज्यांच्या पुनर्बांधणीवरून आला असला तरी या काळाचे मोल दुसऱ्या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांवरूनच ठरवावे लागते, असे माझे मत आहे, आणि पुढची उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यानेच गुलामगिरी संपली नव्हती का?

नाही. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा फक्त बंडखोरांच्या ताब्यातील प्रदेशाला लागू होता. केंटकी आणि डेलावेअरसारख्या, संघराज्यातून न फुटलेल्या राज्यांत गुलामगिरी कायदेशीरच राहिली. देशभर ती बंद झाली ती तेराव्या घटनादुरुस्तीने, आणि ती दुरुस्ती मंजूर झाली डिसेंबर १८६५ मध्ये, म्हणजे लिंकन यांच्या हत्येनंतर सुमारे आठ महिन्यांनी. या दुरुस्तीत एक अपवाद होता: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी करून घेता येईल. तेव्हा या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, पण पुढे दक्षिणेतील राज्यांनी किरकोळ गुन्ह्यांखाली कृष्णवर्णीयांना पकडून त्यांची मजुरी खाणमालकांना आणि मळेवाल्यांना भाड्याने दिली, ती याच फटीतून.

मुक्त झालेल्या लोकांना स्वतःला काय हवे होते?

हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र आपल्याकडे त्या लोकांच्याच तोंडचे आहे.

१२ जानेवारी १८६५ च्या संध्याकाळी जॉर्जियातील सवाना शहरात सेनापती विल्यम शर्मन आणि युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना चर्चेसाठी बोलावले. त्यांच्या वतीने बोलले ते गॅरिसन फ्रेझियर. वय ६७. आठ वर्षांपूर्वी त्यांनी सोन्या-चांदीच्या नाण्यांत १,००० डॉलर मोजून स्वतःला आणि आपल्या पत्नीला विकत घेतले होते. गुलामगिरी म्हणजे काय, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की दुसऱ्याच्या संमतीशिवाय, निव्वळ बळाच्या जोरावर त्याची मेहनत घेणे म्हणजे गुलामगिरी. आणि स्वातंत्र्य म्हणजे आपल्या श्रमाचे फळ आपल्या हाती येणे. मग तुमचा चरितार्थ कसा चालेल, या प्रश्नावर त्यांचे उत्तर सरळ होते: आम्हाला जमीन द्या, ती आम्ही स्वतः कसू.

जमिनीइतकीच ओढ घरच्या माणसांची होती. विक्रीत दूर गेलेल्या आईचा, मुलाचा, नवऱ्याचा शोध घेण्यासाठी लोकांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, आणि अशा जाहिराती पुढे कित्येक वर्षे छापून येत राहिल्या. गुलामांच्या लग्नाला कायद्यात किंमतच नव्हती, म्हणून वर्षानुवर्षे संसार केलेल्या जोडप्यांनी रांगा लावून आपली लग्ने नोंदवली. आजी आणि नात एकाच बाकावर बसून मुळाक्षरे गिरवत असल्याची वर्णने त्या काळच्या शिक्षकांनी लिहून ठेवली आहेत. अनेक दक्षिणी राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणे हा गुन्हा होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बाकाचा अर्थ कळतो.

'चाळीस एकर' देण्याच्या आश्वासनाचे काय झाले?

सवानाच्या त्या बैठकीनंतर चारच दिवसांनी शर्मन यांनी विशेष आदेश क्रमांक १५ काढला. दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटनपासून फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीपर्यंतची बेटे आणि किनाऱ्यालगतची, मळेवाले सोडून पळालेली जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत वाटून द्यावी, असा तो आदेश होता. काही महिन्यांत सुमारे ४०,००० लोक सुमारे ४ लाख एकरांवर वसले. त्यांनी पेरणी केली, आणि आपल्या गावाचा कारभार आपणच पाहायला सुरुवात केली.

पण लिंकन यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफी देण्याचा सपाटा लावला. माफीबरोबर जमीनही परत करायची असे ठरले. ही बातमी लोकांना सांगण्याचे काम आले ऑलिव्हर हॉवर्ड यांच्याकडे. मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी मार्च १८६५ मध्ये स्थापन झालेल्या फ्रीडमेन्स ब्यूरो या सरकारी खात्याचे ते प्रमुख होते, आणि युद्धात त्यांनी आपला उजवा हात गमावला होता. ऑक्टोबर १८६५ मध्ये ते एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये उभे राहिले. चर्च खचाखच भरले होते. जमीन सोडावी लागेल, जुन्या मालकांशी समेट करा, त्यांना क्षमा करा, असे त्यांनी सांगितले. बेटावरच्या लोकांनी तीन जणांची समिती नेमून त्यांना लेखी उत्तर दिले. त्याचा आशय असा होता की, साहेब, तुमचा युद्धात फक्त एक हात गेला, तुम्ही कदाचित क्षमा करू शकाल. पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडे करून चाबकाने मारले, आणि त्याच्या शेतात राबून तो ठरवेल त्या मोबदल्यावर समाधान मानणार असलो तरच मला त्याच्या रिकाम्या झोपडीत राहू देणार, त्याला मी क्षमा कशी करू?

जमीन परत गेली. पुनर्रचनेची पुढची सगळी कहाणी मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा मला ती या एका निर्णयाच्या सावलीत घडलेली दिसते.

'ब्लॅक कोड्स' म्हणजे काय?

जॉन्सन यांच्या आशीर्वादाने दक्षिणेत पुन्हा उभ्या राहिलेल्या गोऱ्या विधिमंडळांनी १८६५ च्या अखेरीपासून केलेले कायदे. मिसिसिपीच्या कायद्यानुसार प्रत्येक कृष्णवर्णीयाने दर जानेवारीत आपल्याकडे वर्षभराचे काम असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा. करार मोडून मध्येच काम सोडले तर त्या वर्षाची आधीची मजुरी बुडणार, शिवाय त्याला पकडून मालकाकडे परत नेण्याचा अधिकार कोणाही गोऱ्या माणसाला. काम नसेल तर 'उनाड' म्हणून दंड, आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचे. ज्या मुलांना आईबाप नाहीत किंवा ज्यांना ते पोसू शकत नाहीत असे न्यायालयाने ठरवले, ती मुले काम शिकवण्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या हवाली, आणि त्यात पहिला मान जुन्या मालकाला. दक्षिण कॅरोलिनात शेतमजुरी आणि घरकाम यांखेरीज दुसरा धंदा करायचा असेल तर वर्षाला १० ते १०० डॉलर कर होता. शब्द बदलला होता, कामाची घंटा तीच होती.

राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस (अमेरिकेची संसद) यांच्यातील संघर्ष इतका विकोपाला का गेला?

त्यामागे तत्त्वही होते आणि आकड्यांचे गणितही होते. जुन्या राज्यघटनेत प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरली जात. गुलामगिरी गेल्यावर पाचाची पाचही मोजली जाणार होती. म्हणजे ज्यांना मत नाही अशांच्या डोक्यांच्या जोरावर, हरलेल्या दक्षिणेला काँग्रेसमध्ये पूर्वीपेक्षा जास्त जागा मिळणार होत्या. उत्तरेतील मवाळ रिपब्लिकनांनाही हे पचणारे नव्हते. थॅडियस स्टीव्हन्स आणि चार्ल्स सम्नर यांच्यासारख्या जहाल नेत्यांची भूमिका अर्थातच याच्या पलीकडची होती: मळेवाल्यांची सत्ता मुळापासून उखडल्याशिवाय लोकशाही उभी राहणार नाही, असे स्टीव्हन्स सतत सांगत राहिले, आणि मोठ्या मळ्यांची जमीन वाटण्याची त्यांची मागणी त्यांच्याच पक्षाने मानली नाही.

जॉन्सन हे टेनेसीचे, एकेकाळी स्वतः गुलाम बाळगलेले. संघराज्याशी ते एकनिष्ठ राहिले होते, पण कृष्णवर्णीयांना समान नागरिक मानायला त्यांचा ठाम विरोध होता. एप्रिल १८६६ मध्ये काँग्रेसने नागरी हक्क कायदा मंजूर केला; देशात जन्मलेल्यांना नागरिकत्व, करार करण्याचा, मालमत्ता बाळगण्याचा, न्यायालयात दाद मागण्याचा हक्क त्यात होता. जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरला आणि काँग्रेसने तो धुडकावून कायदा केला. मे महिन्यात मेम्फिसमध्ये तीन दिवसांच्या हल्ल्यात ४६ कृष्णवर्णीय मारले गेले. जुलैत न्यू ऑर्लिन्समध्ये मताच्या हक्कासाठी भरलेल्या परिषदेवर हल्ला झाला, आणि त्या जमावात पोलिसही होते. उत्तरेतल्या मतदारांनी हे पाहिले आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेसमध्ये रिपब्लिकनांना प्रचंड बहुमत दिले.

मार्च १८६७ मध्ये टेनेसी वगळून दहा राज्ये पाच लष्करी विभागांत टाकण्यात आली. कृष्णवर्णीय पुरुषांच्या मतांनी नवी राज्यघटना करा, चौदावी घटनादुरुस्ती मान्य करा, मगच परत या, अशी अट होती. जॉन्सन यांनी अंमलबजावणीत खोडे घातले, स्टँटन यांना मंत्रिपदावरून काढले आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये त्यांच्यावर महाभियोग आला. सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ अशी मते पडली. पदच्युतीसाठी एक मत कमी पडले.

चौदाव्या आणि पंधराव्या घटनादुरुस्तीने काय दिले, आणि काय दिले नाही?

१८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तीन गोष्टी घटनेत घातल्या: जन्माने नागरिकत्व, योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावण्याला बंदी, आणि कायद्याचे समान संरक्षण. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून मताचा हक्क नाकारायला बंदी केली. ही भाषा नीट वाचावी. 'प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत आहे' असे तिच्यात कुठेही नाही. अमुक तीन कारणांनी नाकारता येणार नाही, एवढेच आहे. साक्षरतेची अट, कर भरल्याची अट यांना दार उघडेच राहिले, आणि ही उणीव तेव्हाही काही सदस्यांना दिसली होती.

स्त्रियांना दोन्हींतून काही मिळाले नाही. उलट चौदाव्या दुरुस्तीत 'पुरुष' हा शब्द घटनेत पहिल्यांदा आला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांनी पंधराव्या दुरुस्तीला विरोध केला. गुलामगिरीतून निसटून पुढे आलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस आणि कृष्णवर्णीय कवयित्री फ्रान्सिस हार्पर यांनी, माणसे मारली जात असताना मताचा हक्क पुढे ढकलता येणार नाही, म्हणून पाठिंबा दिला. जुने सहकारी १८६९ मध्ये दुरावले.

रिपब्लिकन पक्ष म्हणजे आजचाच का?

संघटना तीच, पण त्या काळचा रिपब्लिकन पक्ष हा लिंकन यांचा, गुलामगिरीविरोधी आणि मुख्यतः उत्तरेतला पक्ष होता, आणि दक्षिणेतील गोऱ्या वर्चस्वाचा पक्ष डेमोक्रॅटिक होता. विसाव्या शतकात दोघांचे मतदार आणि भूमिका बदलल्या. आजचे चित्र मागे लावून हा काळ वाचू नये.

मुक्त झालेले लोक खरोखर सत्तेत आले का?

आले. या काळात सुमारे २,००० कृष्णवर्णीय पुरुषांनी लहानमोठी सार्वजनिक पदे सांभाळली. त्यांत ६०० हून अधिक राज्य विधिमंडळांचे सदस्य होते आणि १६ जण काँग्रेसमध्ये पोहोचले. १८७० मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये, आणि गुलाम म्हणून जन्मलेले जोसेफ रेनी प्रतिनिधिगृहात बसले.

रॉबर्ट स्मॉल्स यांचे आयुष्य पाहिले तरी या काळाची उंची समजते. मे १८६२ मध्ये चार्ल्सटन बंदरात 'प्लांटर' नावाच्या बंडखोर जहाजावर ते गुलाम खलाशी होते. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेल्याचे पाहून त्यांनी कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, पत्नी-मुलांना आणि साथीदारांना घेतले, आणि पहाटेच्या अंधारात प्रत्येक किल्ल्यापुढे बरोबर ठरलेली शिटी वाजवत जहाज थेट संघराज्याच्या आरमाराकडे नेले. ज्या घराच्या मागच्या झोपडीत त्यांचा जन्म झाला होता, ते मालकाचे घर त्यांनी थकीत कराच्या लिलावात विकत घेतले. १८६८ मध्ये राज्याची नवी घटना करणाऱ्या सभेत ते बसले आणि सर्वांसाठी मोफत शाळांचा आग्रह त्यांनी धरला. पुढे ते काँग्रेसवर पाच वेळा गेले. दक्षिणेतील गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही सरकारी शाळा मिळाली ती बहुतांशी याच सरकारांमुळे, याचा उल्लेख क्वचितच होतो.

ही सरकारे भ्रष्ट आणि अडाणी होती, असे का लिहिले जाते?

कारण विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी तसा इतिहास लिहिला आणि तोच पाठ्यपुस्तकांत गेला. भ्रष्टाचार होता. तो त्या काळात न्यूयॉर्कमध्येही होता आणि गोऱ्यांच्या सरकारांतही होता. त्यामुळे कोणाच्या मताचा हक्क काढून घ्यावा असे तिथे कोणी म्हटले नाही. १९३५ मध्ये कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी मोठा ग्रंथ लिहून ही मांडणी खोडली, पण अभ्यासकांनी ती मनापासून स्वीकारायला आणखी दोन-तीन दशके लागली.

हिंसाचार किती होता, आणि सरकारने काय केले?

कू क्लक्स क्लॅन ही गुप्त संघटना युद्धानंतर लगेच टेनेसीतील पुलास्की गावी सुरू झाली. मत देणारे, शाळा चालवणारे, जमीन घेणारे, हिशेब मागणारे असे सगळे तिच्या रोखावर होते. राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी १८७० आणि १८७१ च्या कायद्यांचा आधार घेऊन ऑक्टोबर १८७१ मध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांत (जिल्ह्यांत) हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क, स्थगित केला आणि शेकडो लोकांना अटक केली. क्लॅन मोडली. सरकारची इच्छा असली की कायदा चालतो, हे त्या हिवाळ्यात सिद्ध झाले.

इच्छा टिकली नाही. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. लुइझियानातील कोलफॅक्स गावात निवडणुकीच्या वादातून कृष्णवर्णीयांनी न्यायालयाच्या इमारतीत आश्रय घेतला होता. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने तोफ आणली, इमारतीला आग लावली आणि शरण आलेल्या कैद्यांनाही त्या रात्री गोळ्या घातल्या. मृतांचा नक्की आकडा कधीच ठरला नाही. अंदाज ६० पासून १५० पर्यंत जातात. दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या खटल्यात चौदाव्या दुरुस्तीतील नागरिकत्वाच्या हक्कांचा अर्थ अतिशय आखूड केला. आणि १८७६ मध्ये कोलफॅक्सच्या मूठभर दोषींचीही शिक्षा याच न्यायालयाने रद्द केली: ही दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी व्यक्तींना नाही.

शेतीत आणि पैशाच्या व्यवहारात काय बदलले?

जमीन न मिळाल्याने बहुतेक कुटुंबे वाट्याच्या शेतीत अडकली. आपल्याकडच्या अर्धेलीसारखीच ती पद्धत: जमीन मालकाची, राबणूक कुळाची, कापूस निम्मानिम्मा. बी-बियाणे, पीठ, कापड उधारीवर दुकानदाराकडून घ्यायचे, आणि त्याचा बोजा उभ्या पिकावर. वर्षाअखेर वही मालकाच्या किंवा दुकानदाराच्या हातात असे. बचतीचेही तसेच झाले: मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये काढलेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली, तेव्हा ६१,००० हून अधिक ठेवीदारांचे सुमारे ३० लाख डॉलर त्यात होते.

१८७७ मध्ये सगळे एकदम संपले का?

नाही, आधीपासून विरत चालले होते. १८७३ च्या आर्थिक मंदीने उत्तरेचे लक्ष दुसरीकडे गेले, १८७४ मध्ये प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटांकडे गेले. १८७५ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरांनी निवडणुकीतील दहशतीविरुद्ध सैन्य मागितले, तेव्हा दर शरद ऋतूतल्या या दंग्यांना जनता कंटाळली आहे, असे ग्रँट यांनी लिहिले, आणि सैन्य गेले नाही.

१८७६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅट टिल्डन यांना राज्यांनी निवडलेल्या निर्वाचकांची १८४, रिपब्लिकन हेझ यांना १६५ मते आणि २० मते वादात अशी स्थिती होती. १५ जणांच्या आयोगाने ८ विरुद्ध ७ अशा मतांनी ती सगळी हेझ यांना दिली. एप्रिल १८७७ मध्ये दक्षिण कॅरोलिना आणि लुइझियाना येथील राज्य सरकारांना आधार देणारे सैनिक बराकींत परतले आणि तिथली शेवटची रिपब्लिकन सरकारे पडली.

मग मताचा हक्क कधी गेला?

त्यानंतरही १०-१५ वर्षे अनेक ठिकाणी कृष्णवर्णीय मतदान करत होते. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी घटना करून मतासाठी २ डॉलर कर आणि 'घटनेचे कलम समजावून सांगा' अशी परीक्षा आणली. परीक्षक गोरा अधिकारी. लुइझियानाने १८९८ मध्ये, १ जानेवारी १८६७ पूर्वी ज्याला किंवा ज्याच्या बाप-आजोबांना मत होते त्याला साक्षरतेच्या आणि मालमत्तेच्या अटींतून सूट दिली. त्या तारखेला तिथे एकाही मुक्त गुलामाला मत नव्हते. १८९६ मध्ये त्या राज्यात सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले सुमारे १,३४०. कुठेही वंशाचा, रंगाचा उल्लेख नाही, त्यामुळे पंधरावी दुरुस्ती कागदावर अबाधित राहिली. तिला पुन्हा दात आले ते १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने.

मराठी वाचकाचा या इतिहासाशी काय संबंध?

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. आपल्या शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. त्याच वर्षी कोलफॅक्स घडले. फुल्यांनी ज्या कार्याला वंदन केले, ते तिकडे तेव्हाच मोडीत निघत होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, म्हणजे डनिंग तिथे प्राध्यापक असतानाच. १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागितली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील 'कायद्याचे समान संरक्षण' हे शब्द अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीतूनच आलेले आहेत. मात्र एक फरक मला फार मोलाचा वाटतो. अमेरिकेत १८७५ च्या कायद्याने निवासी हॉटेले, गाड्या आणि नाट्यगृहे सर्वांना खुली केली होती. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द केली, कारण चौदावी दुरुस्ती फक्त राज्याला बांधते, हॉटेलच्या मालकाला नाही. आपल्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांची नावे घालून खासगी माणसालाही बांधून घेतले आहे. त्या यादीतला 'तलाव' हा शब्द महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये ओंजळभर पाणी प्यायलेल्या लोकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.